पुढची दोन, मागची दोन

जाफराबाद,
३ ऑगस्ट २०२५

चि. हरिओम,

आशीर्वाद. जालन्याला घरात सगळी ठीक असाल असं धरून चालते.

मी फोन उचलत नाही म्हणून दीपमाला रुसली आहे असं कळलं. तुझ्या बायकोला सांग, आत्याचे कान आता पुरते गेले. फोन लावला की आतून विहिरीवरची मोटर चालल्यासारखी घरघर येते, आणि मोबाइलवरची मुंगीएवढी अक्षरं मला दिसत नाहीत. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत वह्या तपासल्या, तेव्हा कागद-पेनाचा मला कंटाळा नाही. अंगदची जीप रोज जालन्याला जाते. तो हे पत्र तुझ्या बियाणे कंपनीच्या दारात देईल.

मागच्या रविवारी तू आणि मच्छिंद्र, दोघे चुलतभाऊ, तुमची सामायिक गाडी घेऊन मला न्यायला आलात. केदारखेड्याला वहिनींच्या, मच्छिंद्रच्या आईच्या, हातचं जेवलो आणि तिथेच ठरलं. माझ्या घरमालकाला, बद्रीनाथला, दिवाळीच्या आत त्याचं घर रिकामं करून हवं आहे, त्याच्या मुलाचं लग्न आहे. मला मूलबाळ नाही. तेव्हा आत्याने सहा महिने मच्छिंद्रकडे आणि सहा महिने तुझ्याकडे राहायचं. मी लगेच हो म्हटलं, कारण दुसरी जागा मला नाही. माझं म्हातारपण आता तुम्हा दोघांच्या हातात आहे. हे ध्यानात ठेवून पुढचं वाच.

ती गाडी पाहून मला शिसारी आली. पुढचा अर्धा भाग लख्ख धुतलेला आणि मधल्या दारापासून मागे चिखलाचे थर. मला आधी वाटलं पाणी संपलं असेल. आत बसले तर पुढच्या सीटांना चकचकीत कव्हरं, समोर अत्तराची बाटली. मला बसवलं मागे. मागच्या सीटचा स्पंज बाहेर आलेला, दाराला पिचकारीचे ओघळ, खताच्या पोत्यांचा वास, आणि पायाखाली वाळलेली ओकारी. हो, ओकारीच. चाळीस वर्षं पोरांचं सगळं काढलं आहे मी, मला ओळखता येतं. तेवढा सगळा रस्ता मी पाय वर धरून आले. एकाच गाडीत राजवाडा आणि उकिरडा कसा काय नांदतो?

आणखी एक. आमच्या गल्लीत वळताना गाडी अडखळली, खालून कोणीतरी चाक धरून ठेवल्यासारखी थरथरली, आणि जळका वास आला. तुम्ही दोघे काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने बसला होतात. कान गेले आहेत माझे, नाक शाबूत आहे. काय भानगड आहे ती खरी खरी लिही.

तुझी,
आत्या

---

नवीन जालना,
११ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. पत्र मिळालं. ऑफिसात सगळ्यांना दाखवलं, हल्ली असं अक्षर कोणाचं राहिलं आहे? सगळे थक्क झाले.

गाडीचं तुम्ही उगाच मनाला लावून घेतलंत. आमच्यात वाद होऊ नयेत म्हणून आम्ही सुरुवातीलाच स्पष्ट वाटणी करून घेतली आहे. एक आठवडा गाडी केदारखेड्याला, एक आठवडा जालन्याला, रविवारी अदलाबदल. आणि दुरुस्ती-देखभालीला गाडीचे दोन भाग पाडले. पुढचा भाग माझा, मागचा मच्छिंद्रदादाचा. पुढची दोन चाकं, पुढच्या सीटा, दिवे, हॉर्न माझ्याकडे. मागची दोन चाकं, मागची सीट आणि डिक्की त्याच्याकडे. मी माझा भाग स्वच्छ ठेवतो. दुसऱ्याच्या भागात आपण हात घालत नाही.

ही कल्पना काही माझी नाही, आपल्या घराण्याचीच आहे. आजोबांच्या काळात आपल्या घरी एकच बैल होता आणि शेजाऱ्यांकडे एक. दोघं मिळून सावड करायचे, एक बैल याचा, एक त्याचा, आणि दोघांची शेतं नांगरली जायची. कधी कुरकुर झाली नाही. आम्ही तेच केलं. स्टेपनी कोणाची यावरून मध्यंतरी थोडी बोलचाल बंद होती, पण ती डिक्कीत असते म्हणजे दादाची, असं शेवटी मिटलं.

थरथरण्याचं म्हणाल तर माझ्या पुढच्या दोन टायरांची नक्षी गेली होती, ती मी जूनमध्ये नवीन टाकली. उत्तम कंपनीची आहेत. दादाची मागची दोन मात्र तीच जुनी. त्याचं म्हणणं, अजून चालतात. त्यात तो डिक्कीत खताची पोती भरतो. गाडी थरथरणार नाही तर काय करील?

एक विनंती. तुमच्या सहा-सहा महिन्यांत दिवाळीपासूनचे पहिले सहा महिने दादाकडे झाले तर बरं. इकडे मुलांच्या परीक्षा असतात, आणि नळाला पाणी कधी येईल त्याचा भरवसा नसतो. उन्हाळ्यानंतर तुम्ही आलात की आम्हाला मनापासून तुमच्याकडे लक्ष देता येईल.

आपला,
हरिओम

---

जाफराबाद,
१७ ऑगस्ट २०२५

चि. हरिओम,

आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी हातातला पेला खाली ठेवला. गाडीची वाटणी. मधल्या दारापासून. अरे, पदवीधर ना तू?

आजोबांच्या सावडीचं नाव त्यात ओढू नकोस. ती सावड मी डोळ्यांनी पाहिली आहे, तू ऐकली आहेस. शेजाऱ्याचा बैल अशक्त झाला तर माझा बाप आपल्या बैलाच्या तोंडची पेंड त्याला घालायचा. धर्म म्हणून नव्हे रे, गरज म्हणून. एक बैल उंच आणि एक ठेंगणा झाला की जू तिरकं बसतं, आणि मानेला आग लागते ती दोघांच्याही. बैल ज्याचा त्याचा असेल, जू एकच असतं. एवढी साधी गोष्ट तुम्ही सोडलीत आणि 'तुझं-माझं' तेवढं उचललंत.

आता चौथीच्या मुलाला सांगते तसं सांगते. टायर झिजलं की चाक लहान होतं. लहान चाकाला तेवढंच अंतर जायला जास्त गरके मारावे लागतात. तुमच्या गाडीत चारही चाकांना एकच इंजिन जोर पुरवतं, म्हणूनच ती काळ्या चिखलातून निघते. मग पुढची मोठी आणि मागची लहान, ही चाकं एकमेकांशी सारखी ओढाताण करणार. ती ओढाताण जिथे होते तिथे काहीतरी तापणार, घासणार, जळणार. मला आलेला वास त्याचाच असावा. मला गाडीतलं काही कळत नाही, पण वर्तुळाचा परीघ कळतो.

म्हणून सरळ विचारते. टायर घेताना दुकानदार तुला काही बोलला नाही का? त्याचं उत्तर दे.

मला दिवाळीपासून कुठे ठेवायचं ते तुम्ही दोघे ठरवा. पाणी नाही आणि परीक्षा आहेत हे मला समजलं. न समजण्याइतकी मी अजून म्हातारी झालेली नाही.

आत्या

---

केदारखेडा,
२५ ऑगस्ट २०२५

आत्याबाईला मच्छिंद्रचा नमस्कार.

मला बराबर लिव्हता येत न्हाई, बोलल्यासारखं लिव्हतो, सांभाळून घ्या. हरिओमनं तुमची चिठ्ठी मला दाखवली न्हाई, नुसतं म्हनला आत्या तुझ्यावर नाराज हाये. म्हनून मीच लिव्हून राह्यलो.

माझ्या मागच्या दोन टायरला काय धाड भरली? चालून राह्यले ना बराबर. नक्षी गेली तं काय झालं, हवा भरली की उभे राहतेत. त्यानं नवे टाकले ते त्याच्या हौशीसाठी. आता माझे जुने दिसतेत म्हनून मी का खर्चा करू? टाकले अन् गाडी त्याच्या आठवड्यात गेली, तं माझे नवे टायर त्यो जालन्यात फिरवून झिजवनार. मी येडा हाये का?

मी मागच्या भागाची कदर करत न्हाई असं समजू नका. परवा पोळ्याला बैल तं न्हाईत आता दारात, मंग मी गाडीची पूजा केली. मागच्या दोन्ही चाकांना हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. पुढच्यांना हात लावला न्हाई, उगं त्यानं काही म्हनायला नको.

गाडीत जी घान होती ती आईची. मागचा भाग आपला, म्हनून आई मागंच बसती. वळनावर गाडी धक्के देती, अन् त्यो जळका वास बिलकुल मागंच येतो, तिला मळमळतं. मी तिला म्हनलं पिशवी धरत जा तोंडाशी. तिचीच घान हाये, ती धुईन कधी तरी.

तुमची खोली तयार करून राह्यलो. खाट मी आनली, निवार नवी भरली. गादी हरिओमकडून यायची हाये. तसंच ठरलं, खाट माझ्याकडं, गादी त्याच्याकडं. त्यो म्हन्तो तुम्ही त्याच्याकडं याल तवा देईन, आधी न्हाई. तोवर निवारीवर चवाळं टाकू. तुम्ही जल्दी या.

तुमचा,
मच्छिंद्र

---

जाफराबाद,
२ सप्टेंबर २०२५

मच्छिंद्र,

आशीर्वाद द्यायचा म्हणून देते.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही. खाट एकाची आणि गादी दुसऱ्याची. मग उशी कोणाची रे? ताट तुझं आणि वाटी हरिओमची का? मी आजारी पडले तर डोकं कोण बघणार आणि पाय कोण, हेही ठरवून टाका. वाटणी शेताची ऐकली होती, भांड्याकुंड्यांची ऐकली होती. माणूस झोपतं त्या जागेचीसुद्धा वाटणी करणारे तुम्ही दोघे माझ्या बापाचे नातू. मला अक्षरशः ओकारी येते आहे, आणि ती धुवायला तू मलाच सांगशील.

तुझी आई त्या गाडीत तोंडाशी पिशवी धरून बसते आणि तू हळदीकुंकवाचं सांगतोस. ज्या सीटवर ती बसते ती पुसायला तुझे हात झिजतात?

आता नीट वाच. हट्ट राहू दे बाजूला. गाडीची चारही टायरं एकसारखी झाल्याशिवाय वहिनींना त्या गाडीत बसवायचं नाही. एकाने टाका, दोघांनी मिळून टाका, नाहीतर गाडी झाडाखाली उभी करा. गुळगुळीत टायर मागे आणि रस्ता ओला, तर गाडीचं ढुंगण कुठे जाईल याचा नेम नाही. हे सांगायला शिक्षिका लागत नाही, शेणावर पाय पडलेला कोणीही सांगेल. वहिनींना यायचं-जायचं असेल तर एस.टी. आहे, जीप आहे.

हरिओमला मी एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. तुला माहीत असेल तर तू सांग.

आत्या

---

नवीन जालना,
२३ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. उत्तराला उशीर झाला, ऑफिसात रब्बीच्या बियाण्यांची गडबड होती. तुमच्या कानावर कोणाकडून काही उलटसुलट जाण्याआधी मीच लिहितो. घाबरू नका.

परवा रविवारी अदलाबदलीचा दिवस म्हणून मी गाडी आणायला केदारखेड्याला गेलो. मोठी आई म्हणाली, मी पण जालन्याला येते. मी नको कशाला म्हणू? ती नेहमीप्रमाणे मागे बसली. पाऊस होताच. राजूरच्या अलीकडच्या वळणावर समोरून ट्रॅक्टर आला, मी जरासा ब्रेक दाबला आणि गाडीचा मागचा भाग गर्रकन फिरला. पुढचा भाग एकदम पक्का होता, माझी टायरं जागची हलली नाहीत. पण मागचा भाग नालीत गेला. मोठी आई दारावर आपटली आणि मनगट मोडलं. मला काही लागलं नाही. प्लास्टर घातलं आहे, आता ती केदारखेड्याला आराम करते आहे. त्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती. निघायलाच नको होतं, हे मला नंतर सुचलं.

गाडी ओढून गॅरेजला आणली. मेकॅनिकने खालून उघडून दाखवलं. मागच्या चाकांकडे जोर नेणारं कपलिंग जळून काळं पडलं आहे, म्हणे बऱ्याच दिवसांपासून जळत होतं. ते मागे असतं. म्हणजे बिघाड दादाच्याच भागात आहे. घसरली तीही मागची चाकं. तुम्ही मोठ्या आहात, दोघांचं ऐकता, म्हणून तुम्हीच दादाला समजवा की दुरुस्ती त्याने करायची आहे.

तुम्ही दुकानदाराचं विचारलं होतं. मी लपवत काही नाही. जूनमध्ये तो म्हणाला होता, ही चारही चाकांना जोर पुरवणारी गाडी आहे, टायर चारही एकदम बदला, नाहीतर मागचं कपलिंग जळेल. आणि दोनच घेणार असाल तर निदान नवीन दोन मागे लावा, पावसात मागची घसरतात. पण मागची माझी नाहीत ना आत्या. मी पैसे देऊन घेतलेली टायरं दादाच्या भागात का लावू? शिवाय जळलंच तर मागचं जळणार होतं. त्यामुळे माझ्या बाजूने मी निश्चिंत होतो.

तुम्ही निष्पक्ष आहात. लवकर लिहा.

आपला,
हरिओम

---

केदारखेडा,
२७ सप्टेंबर २०२५

आत्याबाई,

तुमची चिठ्ठी आल्ती तवा मी आईला म्हनलो होतो, गाडीत बसू नको. ती म्हनली बरं. पन ती कोनाचं ऐकून राह्यली का? तुमच्यासाठी गादी आनायची तिच्या डोक्यात बसलं होतं. हरिओम देत न्हाई, मी मागत न्हाई, मंग ती म्हनली मीच जालन्याला जाऊन दीपमालेपाशी पदर पसरती अन् गादी घेऊन येती, ननंद माझी निवारीवर झोपन का. त्या कामाला निघाली होती ती. हरिओमनं तुम्हाला हे लिव्हलं न्हाई असन.

गाडी जळून राह्यली हे मला ठाऊक होतं. वासावरनं कळत होतं. पन मला वाटलं, थोडे दिवस दम धरावा, हरिओमच्या आठवड्यात बंद पडली की त्यालाच करावी लागन. त्याच्याच आठवड्यात पडली. रविवारी दुपारी गाडी मी त्याच्या ताब्यात दिल्ती, मंग जे झालं ते त्याच्याकडं. तरी त्यो म्हन्तो भाग माझा. आता तुम्हीच सांगा, आठवडा मोजायचा का भाग मोजायचा?

आई हात गळ्यात बांधून पडली. सयपाकाचे हाल होऊन राह्यले आमचे. तुम्ही पहिले सहा महिने इकडंच येनार ना, मंग दिवाळीची वाट कशाला बघता. आधीच या, म्हंजी घरात बाईमानूस व्हईन.

मच्छिंद्र

---

जाफराबाद,
६ ऑक्टोबर २०२५

हरिओम आणि मच्छिंद्र,

हे एकच पत्र दोनदा लिहिलं आहे. दोघांना एकेक, अख्खं.

तुमची दोन्ही पत्रं मी शेजारी शेजारी ठेवून वाचली. तुला, हरिओम, दुकानदाराने तोंडावर सांगितलं होतं की मागचं जळेल आणि मागचं घसरेल. तू निश्चिंत झालास, कारण मागचं तुझं नव्हतं. आणि त्या मागच्या सीटवर कोण बसतं हे तुला माहीत होतं. तुला, मच्छिंद्र, जळका वास येत होता. तू दम धरलास, कारण तुला ती भावाच्या आठवड्यात जळायला हवी होती. आणि त्या वासात तुझी आई पिशवीत ओकत होती. एकजण भागावर टपलेला, दुसरा आठवड्यावर. मला राग येईल असं वाटलं होतं. राग नाही आला. भाजीत अळी निघाली की ताट सरकवतो ना आपण, तसं झालं. मग कितीही भूक असो, घास उतरत नाही.

भाग मोजायचा की आठवडा, हे मला विचारू नका. मी निवाडा देणार नाही. निवाडा माणसांचा करतात.

परवा मी एस.टी.ने केदारखेड्याला गेले होते. मच्छिंद्र, तू रानात होतास. घरात वहिनी त्या निवारीच्या खाटेवर पडली होती, माझ्यासाठी आणलेल्या. डाव्या हाताला प्लास्टर, उजव्या हाताने पीठ चाळत होती पडल्या पडल्या. मला बघून उठायला लागली आणि पहिलं काय म्हणाली असेल? मला ऐकू येत नाही हे तिच्या ध्यानात आलं, तिने बोटाने खाट दाखवली आणि हात जोडले. गादी मिळाली नाही म्हणून माफी मागत होती माझी. मोडलेल्या मनगटाची बाई.

माझं म्हातारपण कोणाच्या हाती द्यायचं हे मी तेव्हा ठरवलं. तिची दोन लुगडी पिशवीत घातली आणि तिला घेऊन आले. इथे पुष्पाबाईच्या वाड्यामागे दोन खोल्या मिळाल्या आहेत, बद्रीनाथचं घर मी दिवाळीआधी सोडते. वहिनी आणि मी, दोघी तिथे राहू. दारावर कोणी आलं तर तिला ऐकू येतं. विहिरीवरून पाणी मला आणता येतं. आमच्यात काय कोणाकडे हे ठरवायला बसावं लागलं नाही.

खोली रिकामी झाली आहे, खाट आता मोकळी आहे. मच्छिंद्र, स्वयंपाकाला बाई लागत असेल तर पगार देऊन ठेव.

दैवशाला

---

नवीन जालना,
१४ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप आत्या, तीर्थरूप मोठी आई,

दोघींना साष्टांग नमस्कार.

तुमच्या पत्राने आमचे डोळे उघडले. मी आणि दादा दसऱ्यानंतर समोरासमोर बसलो, दीपमालेने चहा केला आणि सगळं मनमोकळं बोललो. शब्दाने शब्द वाढवायचा नाही असं ठरवून बसलो, त्यामुळे भांडण झालं नाही. तुम्हाला ऐकून आनंद होईल की गाडी दुरुस्त झाली आहे. कपलिंग दादाने बदललं, कारण माझ्याकडे पुढचा भाग आहे. आणि त्याने मागची दोन्ही टायरंही नवीन टाकली आहेत. माझी पुढची आता थोडी झिजली आहेत, पण अजून चालतात. बदलायला झाली की मी बदलीन.

तुम्ही दोघी अशा परक्या घरात राहता हे लोकांत बरं दिसत नाही. ऑफिसात एकजण मला विचारत होता. मच्छिंद्रदादालाही गावात मान खाली घालावी लागते. म्हणून दिवाळीला तुम्ही दोघी इकडे यावं अशी आमची दोघांची इच्छा आहे. सगळं नीट ठरवलं आहे. तुम्हाला जाफराबादहून आणायची जबाबदारी दादाची, परत सोडायची माझी. लक्ष्मीपूजन त्याच्याकडे, पाडवा-भाऊबीज माझ्याकडे. मोठ्या आईच्या प्लास्टरचं बघणं दादाकडे, ती त्याची आई आहे. तुमच्या कानाला मशीन बसवायचं मी बघतो. म्हणजे कोणावर एकट्यावर भार पडणार नाही.

दादाची सही खाली आहे.

आपला,
हरिओम

मच्छिंद्र

---

जाफराबाद,
१६ ऑक्टोबर २०२५

हरिओम, मच्छिंद्र,

पत्र मिळालं. वहिनीला वाचता येत नाही म्हणून मी मोठ्याने वाचून दाखवलं. माझा आवाज मला ऐकू येत नाही, पण तिचा चेहरा दिसत होता. भाऊबीज कोणाकडे इथपर्यंत ती ऐकत होती. मग तिने हाताने मला थांबवलं.

ती बोलली ते मला ऐकू आलं नाही. म्हणून तिने पुष्पाबाईला बोलावलं, पुन्हा सांगितलं, आणि पुष्पाबाईने ते मला पाटीवर लिहून दाखवलं. वहिनी म्हणाली, हे असंच्या असं लिहा त्यांना, माझ्या नावाने. म्हणून लिहिते:

"मला न्यायला येऊ नका अन् सोडायलाबी येऊ नका. मी इथं बरी हाये. एक सांगून ठेवते. मी मेले तं खांद्याला गावातले कोनतेबी चौघं बोलवा. तुम्ही दोघं धरू नका. तुम्ही पुढचं-मागचं वाटून घेसाल, अन् मी मधीच पडन."

दैवशाला